कोल्हापूर ते नागपूर विमानानं किती किलोमीटर आणि किती वेळ? घरबसल्या काढायची पद्धत

कोल्हापूर-नागपूर विमानाचं अंतर नेटवर शोधलं की प्रत्येक साइट वेगळा आकडा देते, कारण कुणी रस्त्याचं अंतर दिलेलं असतं, कुणी गावाच्या मध्यापासून मोजलेलं असतं, आणि वेळ तर सरळ अंतराला विमानाच्या वेगानं भागून छापून टाकलेली असते. मोठ्या शहरांच्या बाबतीत हे खपून जातं, पण दोन्ही टोकांना लहान विमानतळ असले की त्या आकड्यावर विसंबून पुढची गाडी, लग्नाचा मुहूर्त किंवा हायकोर्टाची तारीख ठरवणं म्हणजे जुगार. त्यापेक्षा आपणच काढायचं, दहा मिनिटांचं काम आहे आणि शाळेतल्या गणिताच्या पलीकडं काही लागत नाही. उदाहरण म्हणून कोल्हापूर-नागपूर घेतो, पद्धत कुठल्याही दोन विमानतळांना चालते.

पहिल्यांदा विमानतळ पक्का करा, गाव नव्हे. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो, तिकिटावर तोच छापलेला असतो. कोल्हापूरचा केएलएच, म्हणजे उजळाईवाडीचं विमानतळ, राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेलं, नवीन टर्मिनल २०२४ चं. नागपूरचा एनएजी, म्हणजे सोनेगावचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ. कोड का बघायचा तर गोव्याला आता दोन आहेत, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, आणि त्या दोघांमध्येच सरळ रेषेत ४० किलोमीटर आहेत. रस्त्यानं त्याहून बरंच जास्त. मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय वेगळा. नाशिकचा आयएसके म्हणजे ओझर, शिर्डीचा एसएजी म्हणजे काकडी गाव, सिंधुदुर्गचा एसडीडब्ल्यू म्हणजे चिपी. छत्रपती संभाजीनगर शोधताना आयएक्सयू टाका, कारण जुन्या नावानं शोधलं तर बिहारमधलं औरंगाबाद पण समोर येतं आणि कॅल्क्युलेटरला कुठलं हवंय हे कळत नाही.

आता अंतर. सगळ्यात सोपं म्हणजे कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर राइट क्लिक करा, मेनूत मेजर डिस्टन्स येतं ते दाबा आणि मग नागपूरच्या धावपट्टीवर क्लिक करा, खाली किलोमीटर येतात. मोबाइलवर धावपट्टीवर बोट दाबून धरून पिन टाकायची, खालची पट्टी वर सरकवली की तोच पर्याय मिळतो. ७०० किलोमीटरच्या आसपास आकडा येईल.

पण मला हातानं काढायला आवडतं, कारण एकदा जमलं की कुठल्याही साइटचा आकडा बरोबर की थापा हे लगेच कळतं. त्याच राइट क्लिकच्या मेनूत सगळ्यात वर दोन आकडे दिसतात, ते अक्षांश आणि रेखांश. कोल्हापूर विमानतळ १६.६६ आणि ७४.२९, नागपूर २१.०९ आणि ७९.०५. अक्षांशातला फरक ४.४३ अंश. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडं ४९२ किलोमीटर झाले. रेखांशातला फरक ४.७६ अंश, पण इथं सरळ १११ नं गुणायचं नाही, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडं जाताना जवळ जवळ येत जातात, विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटर असतो तो कोल्हापूरला १०६ च्या जवळ होतो आणि नागपूरला १०४ च्या जवळ. म्हणून दोन्ही गावांच्या मधला अक्षांश घ्यायचा, इथं १८.९, त्याचा कोसाइन मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढायचा, ०.९४६ येतो, आणि ४.७६ गुणिले १११ गुणिले ०.९४६ म्हणजे ५०० किलोमीटर पूर्वेकडं. आता पायथागोरस. ४९२ चा वर्ग अधिक ५०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७०१. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे का रेडियनवर ते मात्र बघा, रेडियनवर असला तर भलतंच काहीतरी येतं. आणि कोसाइन विसरलात तर ७२२ येईल, वीसेक किलोमीटर जास्त, तेवढ्यानं काही बिघडत नाही म्हणा.

हे गणित महाराष्ट्राएवढ्या अंतराला एकदम बरोबर बसतं. मुंबई-न्यूयॉर्कला लावू नका, तिथं पृथ्वीचा गोलपणा खरंच आडवा येतो.

विमानाच्या दुनियेत अंतर नॉटिकल माइलमध्ये सांगतात, एक म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला तितके नॉटिकल माइल. आपले ७०१ किलोमीटर म्हणजे ३७८ नॉटिकल माइल. हा आकडा लिहून ठेवा, पुढं लागतो.

वेळ काढताना लोक फसतात ते इथं

७०१ ला ८०० नं भागलं की ५३ मिनिटं येतात आणि बऱ्याच साइटवर तेच छापलेलं असतं. तेवढ्यात कुठलंही विमान कोल्हापूरहून नागपूरला पोचत नाही. ताशी ८०० हा वेग जेटचा वर गेल्यावरचा, आणि लहान पल्ल्यात विमान वर असतंच किती वेळ?

हिशोब करून बघा. पायलट लोकांचा एक साधा ठोकताळा आहे, उंची हजार फुटात घ्यायची आणि तिला तीननं गुणायचं, तितके नॉटिकल माइल आधी उतरायला सुरुवात करायची. ३३ हजार फुटांवरून उतरायचं तर ९९ नॉटिकल माइल, म्हणजे जवळजवळ १८३ किलोमीटर. वर चढायलाही साधारण तितकंच अंतर जातं. ७०१ मधून दोन्ही टोकांचं मिळून ३७०-३८० वजा करा, मधे उरतात जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर. म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रवास चढण्या-उतरण्यात. त्यात १० हजार फुटांच्या खाली २५० नॉटची वेगमर्यादा असते, म्हणजे तिथं विमानाला दम असला तरी पळता येत नाही. हे खिडकीत बसून स्वतः पण ओळखता येतं, इंजिनचा आवाज एकदम खाली येतो, नाक जरासं खाली झुकल्यासारखं वाटतं, थोड्या वेळानं कान दडपायला लागतात, लोकांना वाटतं आलंच नागपूर आणि फोन काढून बसतात, पण तिथून चाकं टेकायला अजून वीस-पंचवीस मिनिटं असतात.

म्हणून माझा फॉर्म्युला असा. जेट असेल तर किलोमीटर भागिले ८००, अधिक अर्धा तास. एटीआर, म्हणजे पंखेवालं, असेल तर किलोमीटर भागिले ५००, अधिक पंचवीस मिनिटं. हा अर्धा तास म्हणजे गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढतानाचा कमी वेग, उतरतानाचे वळसे आणि पुन्हा स्टँडपर्यंत, म्हणजे विमान उभं करायच्या जागेपर्यंत, येणं, सगळं धरून. कोल्हापूर-नागपूर जेटनं ५३ अधिक ३०, म्हणजे एक तास तेवीस मिनिटं, धरा सव्वा ते दीड तास. एटीआरनं ८४ अधिक २५, म्हणजे पावणेदोन-पावणेदोनच्या पुढं. कुठलं विमान आहे ते बुकिंग करताना बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्टार एअरकडं एम्ब्रेअर १७५ आहेत, ती जेट. एटी७ किंवा एटीआर ७२ दिसलं तर पंखेवालं.

फॉर्म्युला दुसरीकडं लावून बघू. कोल्हापूर-मुंबई सरळ ३०८ किलोमीटर, जेटनं २३ अधिक ३०, तासाला थोडं कमी. एटीआरनं ३७ अधिक २५, तासाला दोन मिनिटं जास्त. म्हणजे जेट आणि एटीआर यांच्यात फरक नऊ मिनिटांचा, लहान पल्ल्यावर पंखेवाल्याला नाक मुरडण्यात काही अर्थ नाही. अमरावतीचं बेलोरा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या एटीआरनंच, सरळ अंतर ५४० च्या आसपास, फॉर्म्युल्यानं दीड तास येतो. पण मुंबईचं टोक असलं की वर दहा-पंधरा मिनिटं धरायचीच, तिथं आकाशात घिरट्या घालत थांबवतात, त्यामुळं कंपन्या वेळापत्रकातच तेवढी वेळ फुगवून ठेवतात. तुमचं विमान कधी वीस मिनिटं लवकर पोचलं आणि एअर होस्टेसनं अभिमानानं अनाउन्समेंट केली तर ते बहुतेक या फुगवट्याचं कौतुक असतं.

आता सरळ रेषेबद्दल. विमान काही दोरी ताणल्यासारखं जात नाही, आकाशात ठरलेले मार्ग असतात, हवाई दलाच्या ताब्यातले भाग असतात, पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचंच. म्हणून सरळ अंतरात पाच-दहा टक्के जास्त धरा. धावपट्टीची दिशा पण बघण्यासारखी असते. धावपट्टीच्या टोकावर जो आकडा रंगवलेला असतो त्याला दहानं गुणलं की होकायंत्रातली दिशा कळते. कोल्हापूरला ०७ आणि २५, म्हणजे एकीकडून पूर्वेच्या जरा उत्तरेला तोंड आणि दुसरीकडून बरोबर उलट. नागपूर आपल्या ईशान्येला, त्यामुळं ०७ वरून उडालं तर विमान जवळजवळ नागपूरच्याच वाटेला लागलेलं असतं. पण विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा, मग ते २५ वरून कोकणाच्या दिशेनं उडतं आणि मोठा वळसा घेऊन माघारी फिरतं. चार-पाच मिनिटं तिथंच गेली. शिवाय लहान विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी वेगळा टॅक्सी-वे, म्हणजे धावपट्टीच्या बाजूनं जाणारा रस्ता, नसतो, उतरलेलं विमान धावपट्टीवरच यू-टर्न मारून परत येतं, तोपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं.

वरच्या वाऱ्याचं म्हणाल तर हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात. नागपूरला जाताना ते पाठीमागून ढकलतात आणि परत येताना छातीवर घेतात. समजा पाठीमागून ४० नॉटची मदत मिळाली आणि विमान एरवी ४४० नॉटनं जातंय, तर ३७८ नॉटिकल माइलला जाताना ४७ मिनिटं आणि येताना ५७. जाण्या-येण्यात जास्तीत जास्त दहा मिनिटांचा फरक, आणि खरं तर त्याहूनही कमी कारण सगळा प्रवास काही त्या उंचीवर होत नाही. तिकिटावर जाताना आणि येताना वेगळी वेळ दिसली तर त्यात हे एक कारण असतं.

खरी वेळ कुठं बघायची

गणित झालं, आता पडताळणी. फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांची यादी येते, प्रत्येक ओळीत ठरलेली सुटायची वेळ, खरंच उडाल्याची वेळ, ठरलेली पोचायची वेळ आणि उतरल्याची वेळ. हवेतला वेळ पण वेगळा दिलेला असतो. बुकिंग साइटवर फक्त वेळापत्रक दिसतं, इथं आठवड्याचा खरा कारभार दिसतो. सलग चार दिवस पाऊण तास उशीर दिसला तर पाचव्या दिवशीही धरून चला, कारण लहान मार्गावर एकच विमान दिवसभर गावोगाव फिरत असतं आणि सकाळी पहिल्या गावाला झालेला उशीर संध्याकाळपर्यंत पुढं पुढं सरकत जातो. त्यामुळं तुमच्या फ्लाइटच्या आधी ते विमान कुठं होतं तेही बघा, नागपूरला अजून उतरलंच नसेल तर तिथून वेळेवर सुटणार कसं?

तिकिटावरची वेळ ही ब्लॉक टाइम असते, म्हणजे स्टँडवरून विमान हललं तिथपासून दुसऱ्या स्टँडवर थांबलं तिथपर्यंत. उडालं-उतरलं एवढीच ती वेळ नसते. भारतात सगळीकडं एकच घड्याळ असल्यामुळं वजाबाकी सरळ होते. शारजा-दुबईला जाणाऱ्यांनी मात्र तिकडचं घड्याळ दीड तास मागं असतं हे लक्षात ठेवावं, दोहाचं अडीच तास, नाहीतर विमान भलतंच वेगवान वाटतं.

आता या ब्लॉक टाइमचा एक उपयोग आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या नियमात फ्लाइट रद्द झाल्यावरची भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या फ्लाइटला ५ हजार, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला साडेसात हजार, त्याच्या वर १० हजार, किंवा बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. कोल्हापूर-नागपूर मधल्या गटात बसतं. अर्थात तुम्हाला आधी कळवलं असेल किंवा हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर हे मिळत नाही, आणि पावसाळ्यात कारण बहुतेक वेळा हवामानच असतं. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पाणी मात्र कंपनीनं द्यायचं असतं, काउंटरवर जाऊन मागा, न मागता क्वचितच मिळतं.

लहान गावांना स्वस्तात विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत पण अंतर आणि वेळ भाड्याशी जोडलेले होते, साधारण ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी मूळ मर्यादा, तीही विमानातल्या ठरावीक सीटना. २०१७ मध्ये शिमला-दिल्लीपासून ती सुरू झाली.

थेट नसेल तर

हे मार्ग आज आहेत, उद्या बंद, परवा आठवड्यातून चारच दिवस, असं चालतं. तारीख टाकून बघायचं आणि नसेल तर दुसरी वाट शोधायची. इथं पण अंतराचं गणित कामाला येतं. थेट ७०१. हैदराबादवरून ४४६ अधिक ४३१, म्हणजे ८७७. मुंबईवरून ३०८ अधिक ६८३, ९९१. बंगळुरूवरून ५३१ अधिक ८८५, चौदाशेच्या वर, सरळ दुप्पट. अंतरानं हैदराबाद जिंकतं, पण निर्णय मधल्या थांब्यावर होतो, तिथं दीड तास थांबायचं की सहा तास. आणि दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिल्याला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी थांबणार नाही आणि पैसेही देणार नाही, अशा वेळी तीन तासांचं अंतर ठेवा. एकाच पीएनआरवर दोन्ही असतील तर निदान पुढच्या फ्लाइटची जबाबदारी त्यांची.

डायरेक्ट आणि नॉनस्टॉप यात पण फरक आहे. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मधल्या गावाला ती एसटीसारखी थांबू शकते, तुम्ही सीटवरच बसून राहायचं. तिकिटावर अंतराच्या मानानं तासभर जास्त दिसला की समजा मधे थांबा आहे. वेळेच्या खाली शून्य स्टॉप लिहिलंय का बघा.

घरापासून घरापर्यंत

खरा वेळ हाच. कोल्हापूर शहरातून उजळाईवाडी अर्धा तास, सुटायच्या दीड तास आधी पोचायचं कारण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, नेमकी वेळ तिकिटावर असते. मग विमान सव्वा ते दीड तास, बॅगेला वीस मिनिटं, नागपुरात सीताबर्डीला जायला अर्धा-पाऊण तास. तिथं मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे पण ते टर्मिनलच्या दाराशी नाही, सामान असेल तर मधल्या तुकड्याला रिक्षा करा. सगळं मिळून साडेचार तास, म्हणजे ७०१ किलोमीटर ताशी १६० च्या आसपास पडले. हैदराबादवरून गेलात तर सगळं जुळून आलं तरी सात तास. रस्त्यानं सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असं ८०० च्या पुढं जातं, अख्खा दिवस गाडीत. आणि गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असं अर्धं राज्य फिरून जाते, दुपारी बसलात तर दुसरा दिवस कलेपर्यंत गाडीतच, पण डबा उघडून निवांत जेवता येतं आणि तिकीट कितीतरी स्वस्त, त्यामुळं घाई नसेल तर मी तीच सांगेन.

नागपूरहून परत येताना एक बघा. लहान विमानतळ चोवीस तास चालू नसतात, त्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्याला वॉच अवर्स म्हणतात. संध्याकाळची शेवटची फ्लाइट दोन-तीन तास लेट झाली आणि तिकडं कोल्हापूर बंद व्हायची वेळ आली तर ती रद्द होते किंवा दुसरीकडं उतरवतात. ऐन पावसाळ्यात तर ढग खाली आलेले असले की दिवसासुद्धा हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम असेल तर शेवटची फ्लाइट टाळा, आदल्या दिवशीची किंवा दुपारची घ्या, आणि तशी नसेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सची एक सीट कॅन्सल करता येईल अशी धरून ठेवा.